ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज : तांबड्या पेशीचे रक्षण करणारे विकर आणि खानदेशातील आरोग्याचा एक प्रश्न

सारांश

ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज हे ग्लुकोजच्या चयापचयातील एक महत्त्वाचे विकर आहे. रक्तातील तांबड्या पेशींचे ऑक्सिडीकरणापासून संरक्षण होते ते या विकरामुळे. काही व्यक्तींमध्ये ते जन्मतःच दुर्बल असते. अशा व्यक्ती एरवी निरोगी असतात. मात्र हिवतापावरील प्रायमाक्विनसारखे औषध घेतल्यास त्यांचे रक्त झपाट्याने फुटू शकते. प्रस्तुत लेखात या विकराचे कार्य, त्याच्या कमतरतेचा शोध, तिची आनुवंशिकता, महाराष्ट्रात झालेले संशोधन आणि खानदेशातील आरोग्यसेवेच्या दृष्टीने तिचे महत्त्व यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : विकर, शर्करा-चयापचय, तांबड्या पेशी, रक्तविलयन, प्रायमाक्विन, हिवताप, सिकलसेल.

१. प्रस्तावना

पदवी वर्गात शर्करेचे चयापचय शिकवताना आपण बहुधा ग्लुकोजचे पायरुव्हेटमध्ये होणारे रूपांतर, क्रेब्ज चक्र आणि एटीपीची निर्मिती यांवर भर देतो. पेंटोज फॉस्फेट मार्ग हा त्या प्रकरणाच्या शेवटी येतो. वेळ कमी असतो, परीक्षेत त्यावर एखादी टीप विचारली जाते आणि विद्यार्थी तो मार्ग पाठ करून विसरून जातात. या मार्गाच्या पहिल्याच पायरीवर असलेले विकर मात्र विसरण्याजोगे नाही. जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पहूरसारख्या गावात पावसाळ्यानंतर थंडीतापाचे रुग्ण दवाखान्यात येऊ लागतात, तेव्हा एखाद्या रुग्णाला दिलेली गोळी गुण देईल की अपाय करील, हे काही वेळा याच विकरावर अवलंबून असते.

या विकराचे नाव ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज. व्यवहारात त्याला 'जी-६-पी-डी' असे म्हणतात. याची कमतरता ही मानवामध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या विकर-कमतरतांपैकी एक असून जगात सुमारे ४० ते ५० कोटी लोकांमध्ये ती असावी असा अंदाज आहे. एवढे असूनही सुशिक्षित वर्गातही तिचे नाव फारसे परिचित नाही. विज्ञान शाखेबाहेरील प्राध्यापकांनाही विषय समजावा अशा रीतीने येथे त्याची मांडणी केली आहे.

२. विकराचे कार्य

पेशीत शिरलेल्या ग्लुकोजच्या रेणूला प्रथम एक फॉस्फेट गट जोडला जातो व ग्लुकोज-६-फॉस्फेट तयार होते. येथून दोन वाटा फुटतात. एका वाटेने ग्लुकोजचे विघटन होऊन ऊर्जा मिळते. दुसरी वाट म्हणजे पेंटोज फॉस्फेट मार्ग. डिकन्स, होरेकर, रॅकर आदी शास्त्रज्ञांच्या कार्यातून तो उलगडला. या वाटेच्या तोंडाशी जी-६-पी-डी उभे असते. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ग आणि वॉल्टर क्रिश्चन यांनी १९३१ च्या सुमारास या विकराचे वर्णन केले.

हे विकर ग्लुकोज-६-फॉस्फेटमधून हायड्रोजन काढून घेते व तो एनएडीपी या सहविकराला देते. त्यातून एनएडीपीएच तयार होते. पुढे याच मार्गाने पाच कार्बनांची रायबोज शर्करा मिळते आणि ती न्यूक्लिइक आम्लांच्या घडणीस उपयोगी पडते. म्हणजे या वाटेने जाणाऱ्या शर्करेपासून एटीपी मिळत नाही, तर क्षपण करण्याची शक्ती आणि बांधकामाचे साहित्य मिळते.

तांबड्या पेशीला या क्षपणशक्तीची गरज विशेष असते. ही पेशी सतत ऑक्सिजन वाहून नेते. त्यामुळे हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक द्रव्ये तिच्यात तयार होत राहतात. त्यांचा निरास ग्लुटाथायोन हा लहान रेणू करतो. मात्र प्रत्येक वेळी तो स्वतः ऑक्सिडीकृत होतो. त्याला पुन्हा कार्यक्षम करण्यासाठी एनएडीपीएच लागते. इतर पेशींत एनएडीपीएच मिळविण्याचे अन्य मार्ग आहेत. तांबड्या पेशीत तंतुकणिका नसतात, म्हणून तिला जवळजवळ सर्वस्वी जी-६-पी-डीवरच विसंबावे लागते. शिवाय तिच्यात केंद्रकही नसते. त्यामुळे जुने विकर झिजले तर नवे तयार करण्याची सोय तिला नाही. जन्माच्या वेळी मिळालेल्या शिदोरीवरच तिला सुमारे १२० दिवसांचे आयुष्य काढावे लागते.

सामान्य स्थितीत तांबड्या पेशीतील ग्लुकोजचा सुमारे ५ ते १० टक्के भागच या वाटेने जातो. एखादे ऑक्सिडीकारक औषध रक्तात आले की ही वाट रुंदावते व एनएडीपीएचची निर्मिती अनेक पटींनी वाढते. विकर दुर्बल असेल तर ही वाढ होऊ शकत नाही. मग ग्लुटाथायोन संपते, हिमोग्लोबिनचा रेणू बिघडून त्याचे गोळे पेशीच्या पटलाला चिकटतात (त्यांना हाइन्झ कण म्हणतात) आणि पेशी फुटते किंवा प्लीहेत नष्ट केली जाते. यालाच रक्तविलयन म्हणतात. रुग्णाची लघवी गडद, चहाच्या किंवा कोकच्या रंगाची होते, डोळे पिवळे दिसतात, धाप लागते आणि रक्तातील हिमोग्लोबिन काही दिवसांतच घसरते.

३. कमतरतेचा शोध

या कमतरतेचा शोध हिवतापाच्या औषधांमधून लागला. १९२० च्या दशकात पामाक्विन हे औषध प्रचारात आल्यावर काही थोड्या रुग्णांना ते घेतल्यानंतर तीव्र रक्तक्षय होत असल्याचे आढळले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग सुरू झाले. त्यांतून पुढे प्रायमाक्विन हे औषध आले. तेथेही काही कैद्यांना, विशेषतः कृष्णवर्णीय कैद्यांना, रक्तविलयन होत असे.

दोष औषधात आहे, रुग्णाच्या शरीरात आहे की त्याच्या रक्तपेशीत? हे ठरविण्यासाठी केलेला प्रयोग तर्काच्या दृष्टीने विद्यार्थ्यांना सांगण्यासारखा आहे. औषध न सोसणाऱ्या व्यक्तीच्या तांबड्या पेशींवर किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या औषध सोसणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात सोडण्यात आल्या. औषध देताच त्या पेशी नष्ट झाल्या. उलट, निरोगी पेशी न सोसणाऱ्या व्यक्तीच्या शरीरात सोडल्या असता त्या टिकल्या. दोष पेशीतच आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. १९५६ मध्ये कार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष म्हणजे जी-६-पी-डीची कमतरता असल्याचे दाखवून दिले.

या शोधाची नैतिक बाजूही नजरेआड करता येत नाही. तुरुंगातील माणसाची संमती कितपत मुक्त मानायची, हा प्रश्न त्या प्रयोगांच्या संदर्भात पुढे वारंवार विचारला गेला. संशोधन-पद्धती शिकविणाऱ्या सामाजिक शास्त्रांच्या प्राध्यापकांनाही हे उदाहरण उपयोगी पडावे.

४. आनुवंशिकता

या विकराची घडण सांगणारे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. विकराची साखळी ५१५ अमिनो आम्लांची असते. त्यांपैकी एखादे जरी बदलले तरी विकर अस्थिर होऊ शकते. असे २०० हून अधिक बदल आज ज्ञात आहेत.

पुरुषाकडे एकच एक्स गुणसूत्र असल्याने ते सदोष असेल तर कमतरता पूर्णपणे प्रकट होते. स्त्रीकडे दोन असतात. सदोष जनुक असलेल्या पित्याकडून ते सर्व मुलींना मिळते, मुलांना मिळत नाही. एकच सदोष जनुक असलेल्या मातेच्या प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या समाजातील १० टक्के पुरुषांत कमतरता आहे असे मानले, तर हार्डी–वाइनबर्ग नियमानुसार १ टक्का स्त्रियांमध्ये दोन्ही जनुके सदोष असतील, तर १८ टक्के स्त्रियांमध्ये एक सदोष असेल. या १८ टक्के स्त्रियांना पूर्वी केवळ 'वाहक' म्हटले जाई. तथापि स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय होते, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडले आणि अर्नेस्ट बॉयटलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये याच विकराच्या साहाय्याने त्याला पुष्टी दिली. म्हणजे अशा स्त्रीच्या रक्तात काही पेशी सबळ व काही दुर्बल अशी सरमिसळ असते. दुर्बल पेशींचे प्रमाण अधिक असल्यास तिलाही औषधाचा अपाय होऊ शकतो. 'हा पुरुषांचा दोष आहे' असे समजून स्त्रियांकडे दुर्लक्ष करणे म्हणूनच चुकीचे ठरते.

५. महाराष्ट्रातील संशोधन

भारतात या कमतरतेचा अभ्यास मुंबईत सुरू झाला. बक्षी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मुंबईच्या पारशी समाजातील कमतरतेचा अहवाल प्रसिद्ध केला. या समाजात तिचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक आढळले. त्यानंतर देशातील अनेक जाती-जमातींची पाहणी झाली आणि प्रमाण एका समूहातून दुसऱ्या समूहात फार बदलते, हे स्पष्ट झाले.

एका प्रकाराला तर महाराष्ट्रातील शहराचेच नाव मिळाले आहे. १९८४ मध्ये ईश्वाद आणि नाईक यांनी एका कोळी कुटुंबात आढळलेल्या नव्या प्रकाराला 'जी-६-पी-डी कल्याण' असे नाव दिले. केरळमध्येही एक प्रकार आढळला होता आणि तो निराळा मानला जात होता. १९९२ मध्ये जनुकाची प्रत्यक्ष तपासणी झाली, तेव्हा दोन्हींमध्ये ३१७ व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन आलेले आहे, असे दिसले. तेव्हापासून त्याला 'केरळ–कल्याण' असे जोडनाव मिळाले.

परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेने २००४ मध्ये देशातील प्रमुख प्रकारांचे चित्र मांडले. त्यानुसार भारतात तीन प्रकार ठळक आहेत : मेडिटरेनियन, केरळ–कल्याण आणि ओरिसा. मेडिटरेनियन प्रकारात १८८ व्या स्थानी सेरिनऐवजी फेनिलअॅलनिन असते व विकराची क्रियाशीलता फारच कमी असते. १९९५ मध्ये वर्णन झालेला ओरिसा प्रकार (४४ व्या स्थानी अॅलनिनऐवजी ग्लायसिन) मुख्यतः आदिवासी समूहांत आढळतो.

आदिवासी समूहांत ही जनुके का टिकून राहिली, याचे उत्तर हिवतापातच शोधले जाते. दुर्बल विकर असलेल्या पेशीत हिवतापाच्या परजीवीची वाढ नीट होत नाही, म्हणून हिवतापाच्या प्रदेशात असे जनुक धारण करणाऱ्यांना काही अंशी संरक्षण मिळाले असावे. सिकलसेलच्या जनुकाबाबतही हेच म्हटले जाते. सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाशी झुंजणाऱ्या पूर्वजांना उपयोगी पडलेले हे जनुक, हिवतापाच्याच औषधामुळे आज त्यांच्या वंशजांना अडचणीचे ठरू शकते.

६. प्रायमाक्विन आणि खानदेश

भारतात हिवतापाचे दोन मुख्य परजीवी आढळतात : फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स. व्हायव्हॅक्सची सुप्तावस्था यकृतात दडून राहते आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा ताप आणते. क्लोरोक्विनने रक्तातील परजीवी मरतात, यकृतातले मरत नाहीत. त्यासाठी प्रायमाक्विन लागते. राष्ट्रीय औषधोपचार धोरणानुसार ते दर किलो वजनास ०.२५ मिलिग्रॅम या प्रमाणात १४ दिवस दिले जाते. तान्ही मुले, गरोदर स्त्रिया आणि जी-६-पी-डीची कमतरता असलेले रुग्ण यांना ते वर्ज्य आहे.

भारताने २०२७ पर्यंत स्थानिक हिवतापाचे रुग्ण शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत हिवतापाचे निर्मूलन करण्याचे ध्येय ठेवले आहे. व्हायव्हॅक्सचा समूळ उपचार केल्याशिवाय ते साधणार नाही. म्हणजे प्रायमाक्विन टाळून चालणार नाही आणि सर्वांना डोळे झाकून देऊनही चालणार नाही. टॅफेनोक्विन या एकाच मात्रेच्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. परंतु ते शरीरात कित्येक आठवडे राहते. प्रायमाक्विन थांबवता येते, टॅफेनोक्विन एकदा घेतले की परत घेता येत नाही. म्हणून विकराची क्रियाशीलता ७० टक्क्यांहून अधिक असल्याची खात्री झाल्यावरच ते देण्याचा दंडक आहे. औषधे जितकी सोयीची होत जातील, तितकी आधीची तपासणी अधिक आवश्यक होत जाणार आहे.

कमतरता आढळली म्हणजे रुग्ण उपचाराविना राहतो असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अशा रुग्णांसाठी डॉक्टरांच्या जवळच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, याप्रमाणे ८ आठवडे प्रायमाक्विन देण्याचा पर्याय सुचविला आहे. क्लोरोक्विन आणि पॅरासिटामॉल ही औषधे नेहमीच्या मात्रेत अशा रुग्णांना सामान्यतः सुरक्षित मानली जातात.

खानदेशाच्या संदर्भात आणखी तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारात डॅप्सोन असते आणि तेही ऑक्सिडीकारक आहे. दुसरी, नवजात बालकाची कावीळ. कमतरता असलेल्या बाळांमध्ये ती तीव्र होऊ शकते आणि वेळीच उपचार न झाल्यास मेंदूला कायमची इजा होते. आपल्याकडे गोधड्या, लुगडी व बाळाची जुनी कपडे पेटीत डांबराच्या गोळ्यांसह ठेवण्याची पद्धत आहे. नॅप्थॅलिनच्या या गोळ्यांच्या वाफेने अशा बाळाचे रक्त फुटू शकते. बाळंतिणीच्या खोलीत आणण्यापूर्वी ते कपडे धुऊन कडक उन्हात वाळवणे, आणि शक्य तर डांबराच्या गोळ्या मुळीच न वापरणे, हा बिनखर्चाचा उपाय आहे. तिसरी, पुस्तकांत या कमतरतेबरोबर ज्या शेंगेचे नाव हमखास येते ती बाकला होय. आपला वाल किंवा पावटा तो नव्हे. अनुवादात ही गल्लत झाल्यास लोक नाहक आपले नेहमीचे कडधान्य सोडतील.

७. तपासणी

तपासणीच्या पद्धती फार अवघड नाहीत. एनएडीपीएच अतिनील प्रकाशात चमकते. या गुणावर आधारलेल्या चाचणीत गाळणकागदावर रक्ताचा थेंब घेऊन चमक पाहतात. दुसऱ्या पद्धतीत डीसीपीआयपी या निळ्या रंगद्रव्याचा रंग किती वेळात जातो, हे पाहतात. भारतातील अनेक पाहण्यांत ही पद्धत वापरली गेली. 'क' जीवनसत्त्वाच्या मापनासाठी हेच रंगद्रव्य आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असते. ते पाहताना विद्यार्थ्यांना या विकराची आठवण करून देता येईल. अलीकडे बोटाच्या थेंबावर क्रियाशीलता मोजणारी छोटी उपकरणेही उपलब्ध झाली आहेत.

येथे दोन सावधगिरी बाळगाव्या लागतात. रक्त नुकतेच फुटले असेल तर जुन्या, दुर्बल पेशी आधीच नष्ट झालेल्या असतात. उरलेल्या तरुण पेशींत विकर अधिक असल्याने चाचणी खोटे समाधान देऊ शकते. अशा वेळी सुमारे तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी. दुसरे म्हणजे 'आहे–नाही' सांगणाऱ्या चाचण्यांत सरमिसळ रक्त असलेल्या स्त्रिया अनेकदा सुटून जातात. त्यांच्यासाठी क्रियाशीलता मोजणारी चाचणी हवी.

८. आपले कर्तव्य

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. धुळे, नंदुरबार आणि जळगावच्या आदिवासी भागांतील भिल्ल, पावरा आदी समूहांत सिकलसेलची तपासणी होत आहे. बोटाला सुई टोचली जातच आहे, तर त्याच वेळी जी-६-पी-डीसाठी आणखी एक थेंब घेतला जावा, ही मागणी अवास्तव नाही. सिकलसेलच्या कार्डाप्रमाणे याचीही नोंद रुग्णाजवळ राहिली, तर पुढे आयुष्यभर प्रत्येक डॉक्टरला तिचा उपयोग होईल.

महाविद्यालयांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रक्तगट तपासणी नेहमी होते. तिच्या जोडीला या विषयावर अर्ध्या तासाचे मराठी, अहिराणी किंवा पावरी बोलीतील व्याख्यान ठेवता येईल. 'प्रायमाक्विन सुरू असताना लघवी काळसर झाली, डोळे पिवळे झाले, ओठ निळसर पडले किंवा धाप लागली, तर गोळी लगेच थांबवा आणि दवाखान्यात जा', एवढे एक वाक्य जरी घरोघर पोचले तरी जीव वाचतील. राष्ट्रीय धोरणातही रुग्णाला हीच सूचना द्यावयास सांगितले आहे. मात्र ती घाईच्या बाह्यरुग्ण विभागात, रुग्णाला न समजणाऱ्या भाषेत दिली गेली तर व्यर्थ ठरते.

रक्तनमुने घेऊन संशोधन करावयाचे असल्यास नीतिसमितीची मान्यता, लेखी संमती आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे सहकार्य अनिवार्य मानले पाहिजे. निष्कर्ष प्रसिद्ध करताना एखाद्या जमातीवर दोषाचा शिक्का बसणार नाही, विवाहसंबंधांत त्याचा दुरुपयोग होणार नाही, याचीही काळजी घ्यावी. ही कमतरता कोणत्याही एका समाजाची नाही. तपासणी व्यक्तीची करावयाची असते, जातीची नव्हे.

९. निष्कर्ष

१. जी-६-पी-डी हे शर्करेच्या चयापचयातील विकर ऊर्जेसाठी नव्हे, तर मुख्यतः पेशीच्या संरक्षणासाठी महत्त्वाचे आहे. तांबड्या पेशीला त्याला पर्याय नाही.

२. त्याची कमतरता हा बहुतेकांच्या बाबतीत आजार नसून एक सुप्त अवस्था आहे. विशिष्ट औषध, रसायन किंवा संसर्ग यांच्याशी गाठ पडल्यावरच तिचे आजारात रूपांतर होते.

३. म्हणून तिचे ज्ञान औषधाच्या आधी व्हावयास हवे, नंतर नव्हे.

४. खानदेशात सिकलसेल तपासणीची यंत्रणा उभी आहे. तिला या चाचणीची जोड देणे व्यवहार्य आहे.

१९६३ मध्ये मुंबईत सुरू झालेले हे संशोधन आज जागतिक साहित्यात 'कल्याण' या नावाने नोंदलेले आहे. ते सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरील रुग्णापर्यंत पोचले, तरच त्याचे सार्थक होईल. ते पोचविण्याची सुरुवात वर्गात पेंटोज फॉस्फेट मार्ग शिकवताना दहा मिनिटे अधिक देऊनही करता येईल.